पोस्टडॉक ही दुसऱ्या विद्येची उमेदवारी

पीएचडी हाती आली की घरच्यांना वाटते, आता नोकरी. अशा वेळी मुलीने ‘अजून दोन-तीन वर्षे पोस्टडॉक करायचा आहे, आणि विषय दारू’ असे सांगितले, तर आईवडील धास्तावणारच. आधीच उशीर, त्यात विषय असा की नातेवाइकांत सांगायची चोरी. पण पोस्टडॉक म्हणजे पीएचडीला जोडलेले शेपूट नव्हे. ती उमेदवारी आहे. एक विद्या हाती असलेल्याने दुसरी शिकावी आणि स्वतःचा प्रश्न स्वतः मांडण्याइतके तयार व्हावे, यासाठी ती करायची. हे साधणार नसेल तर ती वर्षे खरोखरच वाया जातात. दारूच्या संशोधनात मात्र दुसऱ्या विद्येवाचून पान हलत नाही.

कारण हा प्रश्न एका शाखेत मावत नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि 5.7 कोटींना त्यापायी मदतीची गरज आहे. यकृतात अल्कोहोलचे काय होते, हे जीवरसायन सांगते. ओढ का लागते, हे मेंदूविज्ञान. आणि कर वाढवल्यावर पिणे किती घटते, हे अर्थशास्त्र. उपचारांचा पल्ला अजून तोकडाच आहे. अमेरिकेच्या एफडीएने या व्यसनावर आजवर तीनच औषधांना मान्यता दिली, त्यांतले शेवटचे 2004 मध्ये. दोन विद्या एकत्र आल्या की काय घडते, याचे उदाहरण गोव्यात आहे. ‘संगत’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के घातक पिण्यातून बाहेर पडले होते, ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. मानसोपचाराला संख्याशास्त्राची जोड नसती, तर हा फरक पटवून देता आला नसता.

मग जागा निवडायची ती याच कसोटीवर, देशाच्या नावावर नव्हे. अमेरिकेत 1970 मध्ये स्थापन झालेली एनआयएएए ही राष्ट्रीय संस्था खास दारूच्या संशोधनासाठी पोस्टडॉक प्रशिक्षणाला पैसा पुरवते. पण तिच्या ‘टी-32’ जागा फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असतात. आपल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या प्रकल्पातून पगार मिळवावा लागतो. पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधनाकडे नेणाऱ्या ‘के-99’ अनुदानाची पुढची वाट मात्र परदेशी नागरिकांनाही खुली आहे. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये व्यसनावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे, आणि दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपही आहे. तिची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 35 वर्षे, त्यामुळे अर्ज लांबणीवर टाकू नये.

पैशाचा आक्षेप खरा आहे. पोस्टडॉकचे मानधन कंपनीतल्या पगारापुढे थिटे पडते आणि शेवटी प्राध्यापकपद मिळेलच असे नाही. म्हणूनच दुसरी विद्या महत्त्वाची: क्लिनिकल चाचण्यांची आखणी, जनुकीय माहितीचे विश्लेषण किंवा आरोग्याचे अर्थशास्त्र यांना दारूच्या विषयाबाहेरही मागणी आहे. विषय संकुचित असला तरी हत्यार संकुचित नसावे. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. क्षयरोगावर संशोधन करणाऱ्याला कोणी क्षयरोगी समजत नाही, मग इथेच संकोच का? खरी काळजी घ्यायची ती पैसा कुठून येतो याची. माफक पिणे हृदयाला हितकर आहे का, हे तपासणारी अमेरिकेतली मोठी चाचणी 2018 मध्ये बंद करावी लागली, कारण तिच्यासाठी मद्य उद्योगाकडून निधी मिळवण्याची पद्धतच आक्षेपार्ह ठरली. अशा प्रकल्पात उमेदवाराचे कष्टही मातीमोल होतात.

म्हणून पालकांनी ‘अजून किती वर्षे?’ असे विचारत बसू नये. ‘आज येत नाही असे काय तुला तिथे शिकायला मिळेल, आणि ते शिकवणार कोण?’ असे विचारावे. मुलीला याचे नेमके उत्तर देता आले तर ही वर्षे गुंतवणूक आहेत. नाही आले, तर पालकांची धास्ती रास्त आहे.