जुन्या ग्रिलचे सुटे भाग घेताना

अमेरिकेत घर विकत घेतलं की आधीच्या मालकाने डेकवर सोडून दिलेला गॅसचा ग्रिल अनेकांच्या वाट्याला येतो. कुणाला तो गराज सेलमध्ये मिळतो, कुणाला कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवलेला दिसतो. झाकण ठणठणीत असतं, चाकं फिरत असतात, पण आतली जाळी गंजलेली आणि बर्नर खाल्लेले. असा ग्रिल दुरुस्त करून वापरावा असं वाटणं अगदी रास्त आहे, आणि हे लिहितोय ते ती इच्छा मोडण्यासाठी नाही. अडचण पुढे येते. झाकणावरचं नाव वाचायचं, त्या नावाने पार्ट शोधायचे आणि ‘बसेल’ असं जिथे लिहिलेलं असेल ते मागवून टाकायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. जुन्या ग्रिलच्या दुरुस्तीत पैसे बुडतात ते बहुधा याच पायरीवर, आणि जिवाला धोका होतो तोही इथूनच, असं माझं ठाम मत आहे. सुटा भाग नावाने शोधू नये. मापाने शोधावा, आणि त्याआधी त्या भागातून गॅस जातो की त्याला नुसती धग लागते, एवढं ठरवून घ्यावं.

नावाचा काय भरवसा, हे पाहायला वेबर कंपनीचा जेनेसिस पुरेसा आहे. हा ग्रिल १९८५ साली बाजारात आला आणि आजही जुन्या ग्रिलमध्ये सर्वांत जास्त दुरुस्त होणाऱ्यांपैकी तो आहे. जुन्या जेनेसिसची खालची पेटी ओतीव ॲल्युमिनियमची, त्यामुळे ती गंजत नाही. झाकणावर चिनी मातीसारखा इनॅमलचा लेप. झाकणाच्या आतून पापुद्रे सुटतात ते पाहून लोक रंग उडाला म्हणून घाबरतात, पण ती बहुधा वर्षानुवर्षं जळलेल्या चरबीची काजळी असते, खरवडली की जाते. म्हणजे सांगाडा टिकतो आणि झिजतात ते आतले भाग. आता गंमत नव्हे, गोंधळ पाहा. ई-३१० याच नावाचा जेनेसिस २००७ ते २०१० या काळात निघाला तेव्हा त्याच्या कळा उजव्या बाजूला होत्या आणि बर्नर डावीकडून उजवीकडे आडवे जात. २०११ मध्ये कळा समोर आल्या, त्याबरोबर बर्नर फिरून पुढून मागे झाले. बर्नरवर चरबी पडू नये म्हणून जे उलट्या ‘व्ही’ आकाराचे पत्रे असतात, ज्यांना कंपनी फ्लेवरायझर बार म्हणते, तेही फिरले. आधीच्या ग्रिलचे पत्रे साडेचोवीस इंची, नंतरच्याचे साडेसतरा इंची. नाव तेच, आकडा तोच, आणि लांबीत सात इंचांचा फरक. त्याही आधीच्या जेनेसिस सिल्व्हर बी आणि सी ला साडेबावीस इंची पत्रे लागतात, तर सिल्व्हर ए ला साडेएकवीस इंची. एका इंचाने आखूड पत्रा कडेवर टेकतच नाही, सरळ बर्नरवर पडतो.

दुसऱ्या टोकाला सीअर्स या दुकानांच्या साखळीचा केनमोर. केनमोर हे नाव दुकानाने लावलेलं. माल बनवायचे वेगवेगळे कारखाने. त्यामुळे ‘केनमोर ग्रिलचा बर्नर’ असं काही नसतंच. मॉडेल नंबरात टिंबाच्या आधीचे जे तीन आकडे असतात त्यावरून खरा निर्माता कळतो. वेबरच्या बाबतीत अनुक्रमांकाची पहिली दोन अक्षरं ग्रिल कुठल्या काळातला ते सांगतात. हे लेबल सहसा मागच्या पत्र्यावर, दाराच्या आत किंवा पायाजवळ चिकटवलेलं असतं आणि तेलाने इतकं माखलेलं असतं की तिथे काही लिहिलंय हेच कळत नाही. साबणाच्या ओल्या फडक्याने हळूहळू पुसून ते वाचावं. घासणीने रगडलं तर आकडेही जातील.

यावर लगेच विचारलं जातं, की विक्रेत्यांनी मॉडेलची यादी दिलेली असते, मग मापं घेण्याचा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर असं, की यादी बनवणाऱ्याला शक्य तितक्या ग्रिलना आपला माल विकायचा असतो, आणि आपल्याला एकाच ग्रिलमध्ये तो बसवायचा असतो. शिवाय आपला ग्रिल वीस वर्षांत आणखी कुणी दुरुस्त केलेला नसेल, याची खात्री यादी देऊ शकत नाही. म्हणून गंजलेला भाग, तो कितीही भिकार दिसो, नवा बसेपर्यंत फेकू नये. बर्नर असेल तर एकूण लांबी, गॅस आत शिरतो त्या तोंडाचा व्यास, ज्वाळेची भोकं वरच्या अंगाला आहेत की बाजूला, आणि स्क्रूच्या भोकाचं टोकापासूनचं अंतर, एवढं टेपने मोजून लिहून ठेवावं. जाळीचं माप घ्यायचं तर जाळीचं न घेता ती ज्या कडेवर टेकते त्या पेटीचं घ्यावं, कारण जुनी जाळी आधीच चुकीची असू शकते.

धग सोसणाऱ्या या भागांत, म्हणजे जाळ्या, पत्रे, आणि त्याखालचा चरबी गोळा करणारा ट्रे, मूळ कंपनीचाच माल हवा असा माझा आग्रह नाही. माप बरोबर असेल तर दुसऱ्या कुणाचाही चालतो, कधी मूळपेक्षा सरसही निघतो. फक्त ‘स्टेनलेस स्टील’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. ३०४ जातीचं स्टेनलेस आणि ४३० जातीचं स्टेनलेस यांत निकेलचा फरक आहे. ३०४ गंजाला जास्त तोंड देतं. फ्रिजवरचं साधं चुंबक लावून पाहावं. घट्ट चिकटलं तर माल ४३०. अजिबात चिकटलं नाही, किंवा वाकवलेल्या कडेपाशी जेमतेम ओढलं गेलं, तर बहुधा ३०४. जाडीचं गणित उलटं असतं: गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. सोळा गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर, अठराचा १.३, आणि विसाचा एक मिलिमीटरलाही कमी. स्वस्त पत्रे स्वस्त का, याचं उत्तर बरेचदा या आकड्यात असतं, आणि विक्रेत्याने तो दिलेलाच नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

गॅस ज्यातून जातो ते भाग निराळे. जेट, कळांचे कॉक, ते ज्यावर बसवलेले असतात ती नळी, रेग्युलेटर आणि रबरी नळी, या पाचांत ‘जवळपास बसतं’ याला जागा नाही. बर्नर या दोन्हींच्या मधला. त्याला धग लागते, पण जेटचं टोक त्याच्या तोंडात नीट शिरतं की नाही यावर सगळं अवलंबून असल्यामुळे मी त्याला गॅसच्याच बाजूला धरतो. जेट म्हणजे पितळेचा एक छोटा तुकडा, त्याला सुईएवढं भोक. त्या भोकाचा व्यास कोणत्या गॅससाठी आहे हे ठरलेलं असतं. अमेरिकेत काही ग्रिल टाकीतल्या प्रोपेनवर चालतात, काही घराच्या पाइपातल्या नैसर्गिक वायूवर, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. प्रोपेनमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. ग्रिलचा प्रोपेन रेग्युलेटर ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतो. नैसर्गिक वायू त्याहून कमी दाबाने येतो. म्हणून नैसर्गिक वायूचं जेट मोठ्या भोकाचं. तेच प्रोपेनला लावलं तर ज्वाळा उंच, पिवळी, काजळी धरणारी होते आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मुंबई-पुण्यात घरी पाइपचा गॅस आला तेव्हा कंपनीच्या माणसाने शेगडीची जेटं बदलून दिली, हे ज्यांना आठवतं त्यांना हे नव्याने सांगायला नको. तिथे बदल जेट काढून नवं बसवण्याने झाला, भोकात तार घालून नाही.

‘थोडं मोठं करून घेतलं तर काय बिघडतं’ हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण तो करणारे हाताने काम करणारे, हुशार लोक असतात. पण पितळ मऊ असतं. तारेने साफ केलेलं भोक लंबगोल होतं आणि गॅसचा झोत तिरका जातो. हे डोळ्याला दिसत नाही. चोंदलेलं जेट साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, सुकवून, उजेडासमोर धरून पाहावं, आणि तरी साफ नसेल तर त्याच मॉडेलचं, त्याच गॅसचं नवं घ्यावं. एका गॅसचा ग्रिल दुसऱ्यावर चालवू नका, असं वेबरही सांगते.

पार्टवर खर्च करण्याआधी आणखी एक खातरजमा करायलाच हवी, कारण कितीतरी बर्नर उगाच बदलले जातात. ग्रिल पेटतो, पण अडीचशे-तीनशे फॅरनहाइटच्या वर जात नाही, ज्वाळा मिणमिणती, अशी तक्रार असेल तर बहुधा बर्नरचा दोष नसतो. टाकीच्या जोडणीत, गॅस एकदम सुटला तर प्रवाह रोखणारी सोय असते. कळ उघडी ठेवून टाकी झटकन उघडली की तिला ती गळती वाटते आणि ती गॅस अडवते. सगळ्या कळा बंद, टाकी बंद, जोडणी सोडून पुन्हा घट्ट लावायची, टाकी अगदी हळू उघडायची, मग एक कळ. नव्वद सेंटचाही पार्ट लागत नाही. दुसरं कारण कोळी. बर्नरच्या तोंडाशी हवा आत घेण्याची जागा असते, तिथे बारीक कोळी जाळं विणतात, गॅस मागे फिरतो आणि ज्वाळा कळांच्या बाजूला, पेटीच्या बाहेर येऊ शकते. लांब दांड्याचा बारीक ब्रश आतून फिरवला की काम होतं. ग्रिलबरोबर आलेली जुनी टाकीही पाहून घ्यावी. जादा भरणं रोखणारी झडप तिला आहे की नाही हे वरच्या तीन पाकळ्यांच्या फिरकीवरून कळतं. ती नसलेल्या छोट्या टाक्या १ एप्रिल २००२ पासून भरून मिळत नाहीत.

एवढं करण्यापेक्षा नवाच घेतला तर? हा आक्षेप खराच आहे, आणि त्याला सरसकट उत्तर नाही. ज्या ग्रिलची पेटी पातळ पोलादाची आहे आणि तळाला गंजून भोकं पडली आहेत, त्याला चांगले पत्रे आणि बर्नर घालणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. बर्नरला धरून ठेवणारी जागाच उरली नसेल तर तो ग्रिल द्यावा सोडून. पेटी ओतीव ॲल्युमिनियमची, अखंड, आणि चौकट स्क्रू धरत असेल, तर जाळ्या, पत्रे आणि बर्नर घालूनही हाती येणारा ग्रिल त्याच किमतीच्या नव्या, पातळ पत्र्याच्या ग्रिलपेक्षा जास्त टिकेल, असं मला वाटतं.

गाडी अडते ती कॉकपाशी. जुन्या मॉडेलचे कॉक आणि त्यांची नळी कंपनी बनवायची थांबलेली असते. अशा वेळी ‘सर्व ग्रिलना चालणारा’ कॉक घेण्यापेक्षा त्याच मॉडेलचा, त्याच वर्षांतला, त्याच गॅसचा दुसरा टाकाऊ ग्रिल शोधावा आणि त्याचा कॉकसकटचा संपूर्ण भाग जसाच्या तसा उचलावा. सुटा सुटा करू नये. बसवल्यावर कळा बंद ठेवून टाकी उघडावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावावं. सांध्यावर बुडबुडा आला तर टाकी बंद करून सांधा पुन्हा आवळावा. कॉकच्या दांड्याजवळ आला तर आवळून उपयोग नाही, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळूनही नाही. तो कॉक गेला असं धरून पुन्हा दुसऱ्या ग्रिलच्या शोधात निघावं.