बेटांवरील कॅडिस माश्या



पावसाळा ओसरल्यावर स्वच्छ ओढ्यांतील दगड उलटून पाहिला, तर त्यास वाळूच्या कणांची लहानशी नळी चिकटलेली कधीं कधीं आढळते. त्या नळींत एक अळी राहते. तोंडांतून रेशीम काढून ती कण सांधते व आपलें घर बांधते. हीच पुढें कॅडिस माशी होते. नांवांत माशी असली, तरी ही घरमाशीच्या कुळांतील नव्हे. हिचे जवळचे सोयरे म्हणजे फुलपाखरें व पतंग. फुलपाखरांच्या पंखांवर खवले असतात, हिच्या पंखांवर केस; म्हणून शास्त्रज्ञ या गणास ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे कीटक, असें म्हणतात.

आतां प्रश्न असा, कीं जिचें बालपण बहुधा गोड्या पाण्यांतच सरतें, ती ही दुर्बळ माशी समुद्रांतील बेटांवर पोंचली कशी? तीन बेटांची साक्ष काढूं.

प्रथम हवाई. तेथें ओढ्यांची वाण नाहीं. तरी कॅडिस माशीची मूळची अशी एकही जात नाहीं. हीं बेटें ज्वालामुखींमुळें समुद्रतळांतून वर आलीं. कोणत्याही खंडास तीं कधींच जोडलेलीं नव्हतीं, आणि जवळचा खंड ३,५०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आज तेथें दिसणाऱ्या थोड्या जाती विसाव्या शतकांत मनुष्याबरोबर आल्या.

दुसरें न्यू कॅलेडोनिया. तेथें मात्र अनेक जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेक जगांत अन्यत्र नाहींत. ही भूमि प्राचीन गोंडवन खंडाचा तुकडा. तेव्हां या माश्या तेव्हांपासूनच्या असाव्यात, असें कोणासही वाटेल. परंतु ही भूमि मध्यंतरीं समुद्रांत बुडाली होती व सुमारें ३ कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वीं पुन्हां वर आली, असें भूगर्भशास्त्र सांगतें. २०१० सालीं एस्पेलँड व योहान्सन या संशोधकांनीं तेथील माश्यांचीं आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहिलीं. त्यांवरून जातींचा हा विस्तार बेट वर आल्यानंतरचा ठरला. म्हणजे पूर्वज समुद्रापलीकडून आले, आणि डोंगराडोंगरांत वेगळे पडून त्यांच्या अनेक जाती झाल्या.

तिसरें न्यूझीलंड. येथील फिलानिसस नांवाच्या माशीची अळी चक्क किनाऱ्यावरील खाऱ्या डबक्यांत राहते. तिचीं अंडीं तारामाशाच्या शरीरांत सांपडलीं आहेत. हीच जात ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरही आहे, व तिचे सोयरे चॅथम बेटांवर आहेत. इतरांस जो समुद्र आडवा येतो, तोच हिचें घर झाला.

यावरून काय शिकावें? एखादा जीव कोठें आहे याइतकेंच, तो कोठें नाहीं हेंही पृथ्वीचा इतिहास सांगतें. आणि जी जात मोजक्या ओढ्यांतच राहते, तिचे ओढे गढूळ झाले तर ती जगांतूनच नाहींशी होते. न्यू कॅलेडोनियांत निकलच्या खाणींची माती ओढ्यांत उतरते, म्हणून ही चिंता पोकळ नाहीं.

सुटींत गांवीं गेलांत, तर ओढ्यांतील दगड जरूर उलटून पाहा. आणि पाहून झाल्यावर तो जसा होता तसाच ठेवा. त्याखालीं कोणाचें तरी घर आहे.