ऐनवेळचा विषय, पाठीमागचा ठराव

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या सभेत बाजारातले गाळे नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव 'ऐनवेळचे विषय' म्हणून मंजूर झाला. नोटिशीत तो नव्हताच. हे चालतं का? – एक वाचक

उत्तर : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही विषयपत्रिकेतली शेवटची ओळ तातडीच्या कामासाठी असते, पाइपलाइन फुटली, साथ आली, असं काही. गाळे काही एका रात्रीत उगवत नाहीत. १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ८१ नुसार सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी लागते, नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. सदस्यांना विषय वाचून यायला मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू.

तुमच्या प्रकरणात खरी मेख वेगळीच आहे. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नगरपरिषद नुसत्या ठरावावर देऊच शकत नाही. कलम ९२ नुसार वरची मंजुरी लागते. तेव्हा सभेची नोटीस, हजेरीपट आणि इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागा. इतिवृत्तात सूचक-अनुमोदक कोण, विरोध नोंदवलाय का, हे नीट पाहा. मग कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र करारनामे होण्याआधी जा.