घंटी वाजण्यापूर्वी

मुलांनो, समजा तुम्ही बारामतीला राहता आणि तुमची खाला इंदापूरला राहते. दोन्ही गावांमध्ये सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे. ईदच्या सकाळी तुम्ही मोबाइल फोन हातात घेता आणि खालाचा नंबर लावता. क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग घंटी वाजू लागते आणि खालाचा आवाज येतो, "ईद मुबारक, बेटा!"

तो मधला क्षण आठवा. त्या क्षणी तुम्ही गप्प असता आणि खालाही गप्प असते. यंत्रे मात्र गप्प नसतात. घंटी वाजण्यापूर्वी त्यांचे आपापसांत बरेच बोलणे होऊन जाते. ते आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच.

हे बोलणे कसे असते? रस्त्यात दोन माणसे भेटतात. एक म्हणतो, "अस्सलामु अलैकुम." दुसरा म्हणतो, "व अलैकुम अस्सलाम." पलीकडच्या गल्लीत "रामराम"ला "रामराम" असे उत्तर मिळते. कोणाला काय उत्तर द्यायचे, हे ठरलेले असते. उत्तर आले नाही, तर आपण थोडे थांबतो आणि पुन्हा सलाम करतो. तरीही उत्तर आले नाही, तर त्याला ऐकू आले नसेल असे समजून पुढे जातो. हे नियम आपण घरात पाहून पाहून शिकतो. यंत्रांना मात्र ते एकेक करून लिहून द्यावे लागतात. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या अशा लिहिलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. कॉल जोडण्यासाठी आणि तोडण्यासाठी यंत्रे जे संदेश पाठवतात, त्याला सिग्नलिंग म्हणतात.

पूर्वी हे काम माणसे करीत. परगावी फोन करायचा, तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. मग एका गावचा ऑपरेटर दुसऱ्या गावच्या ऑपरेटरशी बोलून कॉल जोडून देई. पुढे परगावचा नंबरही स्वतः फिरवता येऊ लागला. भारतात ही सोय प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये झाली. मोबाइल फोनवरून भारतातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले.

ऑपरेटर आणि यंत्र यांच्यात एक मोठा फरक आहे. समोरचा ऑपरेटर काही चुकीचे बोलला, दोनदा बोलला किंवा मध्येच खोकला, तरी माणूस समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. जे लिहून दिले आहे तेवढेच ते करते. म्हणूनच नवे यंत्र किंवा नवा प्रोग्राम कामाला लावण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी लागते. रात्री घरात कोणी आजारी पडले आणि तुम्ही रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर लावला, तर त्या वेळी "यंत्राला उत्तर समजले नाही" हे कारण काय कामाचे?

ही परीक्षा कशी घेतात, ते समजण्यासाठी वर्गात एक खेळ खेळा. चार मुले चार कोपऱ्यांत बसवा. पहिला तुमचा फोन. दुसरी तुमच्या बाजूचे टेलिफोन केंद्र. तिसरा नोंदवही. चौथी खालाच्या बाजूचे केंद्र. कोणीही तोंडाने बोलायचे नाही, फक्त चिठ्ठ्या द्यायच्या.

फोन चिठ्ठी देतो, "मला हा नंबर हवा आहे." केंद्र नोंदवहीला विचारते, "हा नंबर सध्या कोठे आहे?" मोबाइलचे हेच वैशिष्ट्य आहे. घरातला जुना फोन तारेने भिंतीला बांधलेला असे. मोबाइल आज इंदापुरात, तर उद्या पुण्यात असतो. त्यामुळे तो कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे, याची नोंद ठेवावी लागते. नोंदवही उत्तर देते. मग तुमच्या बाजूचे केंद्र खालाच्या बाजूच्या केंद्राला कळवते, "तुमच्याकडच्या या नंबरला कॉल आहे." ते केंद्र आपल्या भागातल्या टॉवरांवरून जणू दवंडी पिटते, "हा फोन कोठे आहे?" खालाचा फोन "मी येथे आहे" म्हणतो आणि मग घंटी वाजते. बोलणे संपल्यावरही "कॉल तोडा" आणि "तोडला" अशा दोन चिठ्ठ्या लागतातच. दुसरी चिठ्ठी आली नाही, तर पहिले केंद्र वाट पाहत बसेल आणि ती वाट दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही.

चार-पाच वेळा खेळलात की खेळ सोपा वाटू लागेल. आता गुरुजींनी चौथ्या कोपऱ्यातल्या मुलीच्या कानात हळूच सांगावे, "या वेळी उत्तरच देऊ नकोस." पुढच्या वेळी सांगावे, "एकच उत्तर दोनदा दे." मग सांगावे, "कॉल येण्याआधीच 'तोडला' अशी चिठ्ठी पाठव." बघा, बाकीची मुले कशी गोंधळतात! कोणी हसेल, कोणी भांडेल, कोणी नुसते बघत राहील. आपले नियम कोठे अपुरे आहेत, ते तेव्हाच कळेल. मला तरी खेळाचा हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक आवडतो.

प्रयोगशाळेत नेमके हेच करतात. ज्या यंत्राची परीक्षा घ्यायची, ते मध्ये ठेवतात. त्याच्याभोवतीची बाकीची यंत्रे खरी नसतात. एक संगणकच कधी फोनचे सोंग घेतो, कधी नोंदवहीचे, तर कधी शेजारच्या केंद्राचे. या सोंगाला सिम्युलेशन म्हणतात. संगणक आधी सरळ संदेश पाठवतो, मग मुद्दाम चुकीचे, उशिरा आलेले, अर्धवट किंवा उलट्या क्रमाचे संदेश पाठवतो. प्रत्येक चाचणीचा निकाल लिहून ठेवतात. तो तीन प्रकारचा असतो : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि अनिर्णित. तिसरा निकाल म्हणजे, यंत्र चुकले असे म्हणता येत नाही, पण जे तपासायचे होते तेही तपासून झाले नाही. शाळेच्या परीक्षेतही असा निकाल असता, तर कित्येकांची सोय झाली असती!

सोंग घेण्याचा आणखी एक उपयोग आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या गावांवरून इंदापूरला जाते. वाटेत बेलवाडीला मोठे रिंगण होते. हजारो वारकरी आणि ते पाहायला आलेली माणसे एका मैदानाभोवती जमतात. आता बहुतेकांच्या खिशात फोन असतो. माणूस बोलत नसला, तरी त्याचा फोन "मी येथे आलो" असे अधूनमधून कळवत असतो. चालत्या गाडीत कॉल चालू असेल, तर त्याला एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवावे लागते. त्यासाठी आजूबाजूच्या टॉवरांचा सिग्नल किती येतो, हे फोन एका सेकंदात सुमारे दोनदा कळवतो. मैदानात एरवी थोडेच फोन असतात. त्या दिवशी हजारो फोन एकदम कळवू लागले, तर यंत्राला झेपेल का? हे पाहण्यासाठी एवढ्या माणसांना आधी एकदा बोलावता येत नाही. संगणकाला मात्र हजारो फोनांचे सोंग घेता येते.

इतके करूनही चूक राहू शकते. १५ जानेवारी १९९० रोजी दुपारी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका टेलिफोन केंद्रात किरकोळ बिघाड झाला. ते एटी अँड टी या कंपनीचे केंद्र होते. केंद्राने शेजाऱ्यांना कळवले, "मी थोडा वेळ बंद आहे." काही सेकंदांत ते स्वतःच ठीक झाले आणि पुन्हा कॉल पाठवू लागले. यात वाईट काहीच नव्हते. पण हे केंद्र पुन्हा सुरू झाले, अशी नोंद शेजारची केंद्रे करीत असतानाच काहींना त्याच्याकडून दुसरा संदेश मिळाला. दोन संदेशांत सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकेच अंतर होते. त्यांच्या प्रोग्राममध्ये एक लहानशी चूक होती आणि ती नेमकी अशाच वेळी उघडी पडत होती. शेजारची केंद्रे गडबडली. त्यांनीही "मी बंद आहे" असे कळवून स्वतःला पुन्हा सुरू केले. त्यामुळे त्यांचे शेजारी गडबडले. ही लाट कंपनीच्या सर्व ११४ केंद्रांमध्ये पसरली. सुमारे नऊ तास गोंधळ चालला आणि सुमारे सात कोटी कॉल लागले नाहीत. हा प्रोग्राम नवा होता, महिन्याभरापूर्वीच बसवला होता. त्याची चाचणी झाली होती. फक्त इतक्या लवकर दोन संदेश कोणी पाठवून पाहिले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९९१ च्या जूनमध्ये, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस या भागांतले फोन बंद पडले. या वेळी कंपनी वेगळी होती. लक्षावधी ओळींच्या प्रोग्राममध्ये फक्त तीन ओळी बदलल्या होत्या. एवढ्याशा बदलासाठी सगळी चाचणी पुन्हा कशाला, असे वाटून ती केली नव्हती.

आता पुन्हा आपल्या खेळाकडे या. सर्व मुलांना चिठ्ठ्या वाटा. तुमच्या बाजूचे केंद्र झालेल्या मुलीला चिठ्ठी द्या, "शेजारचे केंद्र पुन्हा सुरू झाले." तिला ते वहीत लिहू लागू द्या. तिचे वाक्य अर्धे लिहून होताच दुसरी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवा, "हा घ्या नवा कॉल." ती आधी वाक्य पुरे करते, की ते सोडून नवी चिठ्ठी वाचू लागते, की गोंधळून सगळेच खोडते, ते नीट पाहा. मग तिच्यासाठी नियम लिहा, आणि तिसरी चिठ्ठी तयार ठेवा.