खालचं वरण लेकराचं

माय, परवा तू विचारलंस, "आजी, हिला सहा महिने पुरे होतायत, आता वरचं काय नि कसं सुरू करू?" फोनवरच सांगितलं असतं. पण तुझ्या घरात सासूबाई, चुलत सासूबाई आणि शेजारच्या काकू असे तीन सल्ले एव्हाना चालू झाले असतील, म्हणून लिहून देते. फ्रिजवर चिकटवून ठेव, वादाच्या वेळी दाखवायला बरं पडेल. अंगणवाडीत माझा जन्म गेला, शेकड्यांनी लेकरं वजनकाट्यावर धरली. त्यातलं जे खरं उतरलं तेवढंच सांगते.

आधी वेळेचं. आपल्याकडे मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करतात, त्यामुळे पोरीचं पाचव्यातच उरकायची घाई होते. तू करू नको. सहा महिने पूर्ण झाले की सातवा लागतो आणि सात विषमच आहे. सासूबाईंचंही राहतं, डॉक्टरांचंही राहतं. आम्ही कामाला लागलो तेव्हा चार ते सहा महिन्यांच्या मधे कधीही चालतं, असं शिकवायचे. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सहा महिने पूर्ण असं पक्कं सांगितलं, तेव्हापासून आम्हीही तेच सांगत आलो. तुझं लेकरू मान धरतं का, टेकून बसतं का, तुझ्या ताटाकडे झेप घेतं का, ओठांना चमचा लावला तर जिभेनं बाहेर ढकलत नाही ना, एवढं बघ. दात आले नाहीत म्हणून थांबू नको. हिरड्यांनी मऊ घास छान चिरडता येतो.

मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवायची, तर खुशाल चाटव. तो मानाचा घास, पोट भरायचा नव्हे. पोट भरायचं काम दुसऱ्या दिवसापासून, आणि तिथंच घोळ होतो. उष्टावणाला हॉल घेतात, फोटो काढतात आणि मग आठ महिन्यांपर्यंत लेकरू नुसत्या दुधावर! सहा महिन्यांनंतर आईचं दूध कमी कसाचं होत नाही, लेकराची भूक त्याच्या पुढं जाते. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठाही सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो आणि दुधात लोह अगदी थोडं असतं.

आता मुख्य गोष्ट. वरणाच्या पातेल्यावरची निवळ वाटीत काढायची, मीठ टाकायचं आणि "डाळीचं पाणी पाजलं, ताकद येईल" म्हणायचं, हे आपल्या घराघरांत चालतं. मला याचा फार राग आहे. लातूरच्या आडतीवर तुरीचे ढीग लागतात, इथल्या डाळमिलची डाळ देशभर जाते, निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्याच जिल्ह्यातल्या लेकरानं डाळीचं पाणी प्यायचं? सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिली मावतं. ते पाण्यानं भरलं की लेकरू झोपतं, आपल्याला वाटतं जेवलं. तळाशी बसलेलं घट्ट वरण लेकराचं आणि वरचं पाणी आपल्या आमटीला, असा नियम कर.

घास किती घट्ट हवा, ते चमच्यानं बघ. चमच्यात घे आणि चमचा तिरका कर. धार लागली तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं, हळूच गोळ्यासारखं सरकलं, तर बरोबर. पहिले चार-आठ दिवस थोडं सैल चालेल, पण मिक्सरमधून काढून गंधासारखं करू नको. पळीच्या पाठीनं घोट, बोटानं कुस्कर. सारखं मिक्सरचंच खाल्लेली लेकरं पुढं वर्षाची झाली तरी घासातली कणी लागली की ओकारी काढतात.

काय द्यायचं? आपल्या घरात जे आहे ते. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढ, आतला मऊ भाग कोमट वरणात दहा मिनिटं भिजू दे आणि कुस्कर. वर अर्धा चमचा तूप. किंवा ज्वारी भाजून बारीक कण्या काढ, तीन वाट्या कण्यांना एक वाटी मूगडाळ अशी मिसळून डब्यात भरून ठेव. त्यातली मूठभर कुकरला जास्त पाणी घालून लाव, शिट्ट्या दोन जास्त झाल्या तरी बिघडत नाही. धान्याबरोबर डाळ हवीच, हे सोडू नको. कण्यांची ही लापशी फार घट्ट होते आणि पाणी घालावं तर कस जातो, यावर जुना उपाय मोडाच्या पिठाचा. ज्वारी रात्रभर भिजव, ओल्या फडक्यात बांध, मोड आले की उन्हात खडखडीत वाळव. मग तळव्यावर चोळून मोड आणि मुळं पाखडून टाक. हे विसरायचं नाही. कोवळी ज्वारी जनावराला बाधते हे आपल्या शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, तेच विष या कोंबांतही असतं. राहिलेले दाणे मंद भाजून दळ. लापशी जरा निवली की हे पीठ चमचाभर घालून ढवळ, बघता बघता सैल होते, मग पुन्हा एक उकळी दे. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे तेवढ्याच वाटीत दाणा जास्त गेला.

मापाचं सांगते, पण तराजू घेऊन बसू नको. सुरुवातीला दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे. वाढवत वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अडीचशे मिलीच्या वाटीनं अर्धी वाटी, दोन ते तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा आणि मधे एक-दोनदा केळं किंवा असंच काही. नवं काही दिलं की दोन-तीन दिवस तेच ठेव, म्हणजे अंगावर काही उठलं तर कशानं ते कळेल.

दूध मात्र तोडू नको. वर्षाची होईपर्यंत तिची निम्मी ताकद अजून तुझ्याच दुधातून येणार, दुसऱ्या वर्षीही तिसरा हिस्सा. दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजलंस तर कुणी हसलं म्हणून थांबू नको. फक्त घास द्यायची वेळ दोन पाजण्यांच्या मधली धर. भुकेनं रडत असताना चमचा दाखवलास तर ती चमच्यावरच चिडेल.

आठवडाभरानं भाजी घालायला लाग. लाल भोपळा, गाजर, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते वरणातच शिजव. वरणात लिंबाचे दोन थेंब पिळ, त्यानं डाळीतलं लोह अंगी लागतं. फळात केळं आणि पपई. अर्धापूरच्या केळ्यासारखं आयतं अन्न दुसरं नाही, साल काढलं की झालं. तुमचं घर माळकरी, तेव्हा अंड्याचा आग्रह मी धरत नाही. पण ज्या घरी चालतं तिथं सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून द्यावं, आणि "पोरीला कशाला अंडं" हे तर कुणी माझ्यासमोर म्हणू नये. तुझ्याकडे त्या जागी दही, घट्ट डाळ, भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट वरणात मिसळून, कधी तीळ, जवस, कारळ चिमूटभर. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, बोर हाताला लागू देऊ नको, श्वासनळीत अडकतात. पाच वर्षांपर्यंत हे जपायचं.

मीठ-साखर वर्षभर लागत नाही, गूळही त्यातच आला. सासूबाई म्हणतील अळणी कसं खाईल. तिला खारट-गोड माहीतच नाही, तर अळणी कुठून कळणार? मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. त्यातल्या जंतूंचं विष तान्ह्या लेकरात लुळेपणा आणतं. बाळगुटी सहाणेवर उगाळायची हौस असेल तर ती सहाण देवघरात चंदनाला ठेवा. गुटीतल्या जायफळानं लेकरू गुंगतं, त्याला आपण शांत झोप म्हणतो. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट! मराठवाड्यात सगळ्यात जास्त लेकरांचं जेवण यानंच मोडलेलं मी पाहिलंय. चहा लोह अंगी लागू देत नाही, बिस्किटानं भूक मरते, आणि वर घरातले कौतुकानं सांगतात की "चहाशिवाय उठतच नाही". आजोबांच्या बशीपासून तिला लांब ठेव, मग ते रुसले तरी चालेल.

गाईच्या दुधाचंही एक. देवणी गाय आपल्या जिल्ह्याची, तिच्या दुधाचा अभिमान मलाही आहे. पण वर्षाच्या आत ते वाटी-वाटी पाजायचं नाही. पोट भरतं, लोह मिळत नाही, घास मागं पडतो. लापशीत घातलं किंवा दही लावलं तर हरकत नाही.

डब्यातल्या तयार खाण्याची जाहिरात टीव्हीवर का दिसत नाही, ठाऊक आहे? 1992 च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या भुकट्या आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली, आणि 2003 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांच्या आतल्या लेकरांच्या तयार आहाराचीही. कुणी दुकानदार फुकट डबा देत असेल तर घेऊ नको. विकतच्या डब्याच्या पैशात महिन्याची डाळ आणि तूप येतं.

पाण्यावर जरा थांबते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ते दिवस पाहिलेल्या बाईला पाणी जपून वापर असं सांगावं लागत नाही. पण टंचाईत पहिली काटछाट हात धुण्यावर होते, आणि ती लेकराला महागात पडते. बाटली घेऊच नको. तिचं बूच घासायला, उकळायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात वाटी-चमचा दहा वेळा धुऊन होतो. दोन तांब्ये पाणी कुठंही वाचव, पण तुझे हात आणि तिचे हात साबणानं धुतल्याशिवाय घास नाही. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं, दोन-चार घोट, उघड्या भांड्यानं. उन्हाळ्यात सकाळचं शिजवलेलं दुपारी द्यायचं नाही, आणि तिच्या वाटीत उरलेलं तर मुळीच पुन्हा ठेवायचं नाही. ते तू खा.

जुलाब लागले की "दात येतायत" म्हणून सोडून देतात. दातांनी जुलाब होत नाहीत. त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं, त्यानं होतात. खाणं बंद करायचं नाही, अंगावर पाजत राहायचं, ओआरएस द्यायचं आणि आशाताईकडून झिंकच्या गोळ्या आणून चौदा दिवस पुऱ्या करायच्या, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचाला रक्त पडलं किंवा लेकरू पाजलेलं घेईना, तर घरगुती काही न करता दवाखाना गाठ. बरी झाली की दोन आठवडे एक जेवण जास्तीचं दे, गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं.

भरवताना तिच्यासमोर बस, तिच्या डोळ्यांत बघून बोल. काऊचा घास, चिऊचा घास करत अर्धा तास गेला तरी चालेल. मोबाईल लावून तोंडात कोंबलेला घास पोटात जातो, पण भूक कधी लागली नि कधी भागली हे तिला कधी कळत नाही. तोंड वळवलं तर थांब, उद्या पुन्हा तेच दे. पालक पहिल्यांदा थुंकला म्हणजे आवडत नाही असं नाही. दहा वेळा द्यावा लागतो. नाक दाबून, हात धरून घास घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती लेकरं पुढं ताट दिसलं की रडायची.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते दोन वर्षं या वयात पुरेसा आहार मिळणारी लेकरं देशभरात शंभरात जेमतेम अकरा निघाली. उरलेली सगळी गरिबाघरची नव्हती, हे मी पैजेवर सांगते. घरात डाळ असून पाणी पाजलेली त्यात भरपूर असणार.

अंगणवाडीत नाव घातलंस का? सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो. तो घे, लाज कसली. दर महिन्याला वजन करून घे आणि रेषा वर जाते की आडवी होते ते स्वतः बघ, सेविका "ठीक आहे" म्हणाली एवढ्यावर उठू नको. आशाताई आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध देतील, एक मिली. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नको.

येळवसाला, म्हणजे वेळा अमावस्येला, तुम्ही शेतावर येणार, तेव्हा ती सात महिन्यांची असेल. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाजी सगळंच असतं, तिच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण तिखट-मीठ पडायच्या आधी तिची वाटी बाजूला काढायला सांग. डाळी-दाणे कुस्कर, साली काढ, हरभऱ्याचा एकही दाणा अख्खा ठेवू नको. आंबील आंबट आणि खारी असते, ती तिच्या तोंडाला लावू नको. कोपीपाशी पन्नास माणसं असतील आणि प्रत्येकाला तिच्या तोंडात उंड्याचा तुकडा घालायचा असेल. नको म्हणायला लाजू नको, माझं नाव सांग.