लाजारने स्वतः काय केले?

कादंबरीतील धार्मिक प्रतीक म्हटले, की आपण लगेच ‘हे म्हणजे ते’ असा कोश उघडून बसतो. मीही बसलो होतो. डोस्टोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’वर (१८६६) वर्गात निबंध वाचताना मी ठणकावून सांगितले, की दोन खून करणारा विद्यार्थी रास्कोलनिकोव्ह म्हणजे लाजार, त्याची शवपेटीसारखी खोली म्हणजे कबर आणि सैबेरियातील सक्तमजुरी हे प्रायश्चित्त. पाप फिटले, माणूस उठला! सरांनी एवढेच विचारले, “लाजारने स्वतः काय केले?”

उत्तर सुचेना, म्हणून योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला. लाजार काहीच करीत नाही. चार दिवसांचे ते प्रेत. हाक बाहेरून येते. ख्रिस्ती ईश्वरशास्त्र जिला कृपा म्हणते ती हीच, कमावता न येणारी. ‘करावे तसे भरावे’ या आपल्या हिशेबात ती बसत नाही, आणि माझी चूक नेमकी तेथे होती. कारण आठ वर्षांची शिक्षा भोगू लागलेला रास्कोलनिकोव्ह तुरुंगातही पश्चात्ताप करीत नाही; आपण कमी पडलो, एवढीच त्याला खंत. पुढे नदीकाठी तो सोनियाच्या पायांशी कोसळतो, तेव्हा हे कसे घडले ते त्यालाही उमगत नाही.

परंतु त्याच अध्यायात येशू कबरेवरची धोंड माणसांकडून काढवतो. कादंबरीत हे काम सोनियाचे. दारिद्र्यापायी देह विकणारी ही मुलगी चौथ्या भागात त्याला लाजारची कथा वाचून दाखवते, ‘चार’ या शब्दावर जोर देऊन. आणि तिच्या हातातला नवा करार तिला आणून दिलेला असतो लिझावेताने. ज्या निरपराध बाईवर त्याने कुऱ्हाड चालवली, तिनेच! हे कोणत्या कोशात बसवावे? मला वाटते, येथे प्रतीक हे सिद्धान्ताचे नुसते चित्र राहत नाही. सिद्धान्तच कसोटीला लागतो. कृपा खरी असेल, तर ती या पुस्तकातून या माणसापर्यंत पोचली पाहिजे.

डोस्टोव्हस्कीला स्वतःलाही १८५० मध्ये, कैदी म्हणून जाताना, तोबोल्स्क येथे डिसेंब्रिस्ट बंडवाल्यांच्या पत्नींनी नवा करार दिला होता. ओम्स्कच्या चार वर्षांच्या तुरुंगवासात तो त्याच्याजवळ होता.

उपसंहार मागाहून चिकटवल्यासारखा वाटतो, हे मित्रांचे म्हणणे मला अजून पुरते खोडता आलेले नाही. पण अखेरच्या पानावर सोनियाचे तेच पुस्तक रास्कोलनिकोव्हच्या उशीखाली आहे. तो ते हातात घेतो. उघडत मात्र नाही.