ओढणारे सगळे भेटले, थांबवणारा कुणी नाही

शामगावच्या घाटात माझी मागची ट्रॉली उलटली, पुढची रस्त्यात आडवी झाली. आता दुसरा हंगाम तोंडावर आलाय तरी गावात अजून एकच बोलतात : रात्रीची खेप होती, ह्याला डुलकी लागली असणार. मला डुलकी लागली नव्हती. मी टक्क जागा होतो, गाडी मीच चालवत होतो आणि काय झालं ते मी पायाखाली अनुभवलंय. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा कडेगाव तालुका. टेंभू योजनेचं पाणी आलं आणि जिथं ज्वारी धड येत नव्हती तिथं ऊस उभा राहिला. उसाबरोबर वाहतूक आली. मीही पन्नास एचपीचा ट्रॅक्टर काढला, दोन चारचाकी ट्रॉल्या बांधून घेतल्या, टोळीला उचल दिली आणि सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्याशी करार केला.

ट्रॅक्टर घेताना मी शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला होता, तो अक्षरशः आठवतो. "डबल ट्रॉलीला हा चालंल का?" विकणारा पोरगा हसला. "अण्णा, तालुक्यात सगळे हेच ओढत्यात. वीस टन आरामात." मग त्यानं मला अंगणात नेलं, भरलेली ट्रॉली जोडली, दुसऱ्या गिअरमध्ये सहज ओढून दाखवली. सपाट अंगण, कोरडी फरशी. मी खूश झालो. ट्रॅक्टरनं ओढलं, हे खरंच होतं. पण ओढलेलं थांबवायचं कुणी, हा प्रश्न मला सुचला नाही. ज्याला सुचायला हवा होता त्यानं तो तोंडातून काढला नाही.

पुसेसावळीकडचा फड होता. वाढं बांधून, साखळ्या आवळून निघेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. घाट लागायच्या आधी खालचा गिअर टाकायचा राहिला, ही माझी चूक, कबूल. उतार सुरू झाल्यावर वेग वाढायला लागला म्हणून गिअर बदलायला क्लच दाबला, आणि त्या क्षणी ट्रॅक्टर माझा राहिला नाही. इंजिनाचा धरलेला हात सुटला. खालचा गिअर पडेना, नुसता दातांचा आवाज. ब्रेकवर उभा राहिलो. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी धरली गेली तरी ट्रॅक्टर पुढं सरकतोय, कारण त्याला मागून ढकलत होत्या त्या माझ्याच ट्रॉल्या. पुढची ट्रॉली तिरकी होऊन मोठ्या चाकाला घासली. मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला मारलं. दरीच्या बाजूला मारलं असतं तर हे लिहायला मी नसतो.

माणूस कुणी दगावलं नाही. समोरून येणारी दुधाची गाडी वळणाच्या अलीकडंच थांबली, त्या ड्रायव्हरचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

पण कळलं ते त्यानंतर. ऊस रस्ताभर पसरलेला, टोळीतली माणसं मोळ्या बाजूला ओढतायत आणि मी कठड्यावर बसून मोबाइलच्या उजेडात टूलबॉक्समधली कागदं काढलेली. वर आदल्या खेपेची काट्याची पावती होती. भरलेलं वजन 25,840 किलो, रिकामं 6,400, निव्वळ ऊस 19,440. खाली ट्रॉल्यांची आरसी. प्रत्येक ट्रॉलीचं पासिंग भरलेल्या वजनासह 8 टन. दोन्ही मिळून 16. माझा ट्रॅक्टर जेमतेम 2,200 किलोचा. म्हणजे त्याच्यामागं मी साडेतेवीस टनांच्या वर ओझं लावलं होतं, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट आणि पासिंगपेक्षा साडेसात टन जास्त. आरसी आणि अशा पावत्या महिनाभर एकाच डब्यात, एकावर एक पडत होत्या. मी त्या कधी शेजारी शेजारी धरून वाचल्या नव्हत्या.

पुढं एका जुन्या मेकॅनिकनं हिशोब करून दाखवला. वीस फुटाला एक फूट उतार धरा. पंचवीस-सव्वीस टनांचं धूड उताराकडं सव्वा टनाच्या आसपास जोरानं ढकलतं. चाकांचं घर्षण त्यातलं थोडं खातं, बाकीचं ट्रॅक्टरनं पेलायचं. आणि ट्रॅक्टरचे ब्रेक असतात फक्त मागच्या दोन चाकांना, त्या चाकांवर दीड टनसुद्धा वजन नसतं. कोरड्या डांबरावर त्यांची पकड फार तर टनभर. म्हणजे सगळी पकड ओझं पेलण्यातच जाते, थांबवायला काही उरत नाही; ब्रेक जोरात दाबला की टायर घसरणार. ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. बांधून देणाऱ्यानं विचारलं नाही, मी मागितले नाहीत.

माझे वडील बैलगाडीनं ऊस घालायचे. किती मोळ्या भरायच्या हे ते बैल बघून ठरवायचे, कारण उताराला सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. आम्ही एचपीचा आकडा बघितला आणि मान बघायची विसरलो.

नंतर मी शोरूमला गेलो. तोच पोरगा. आता अण्णा नाही, "साहेब" झालो होतो. म्हणाला, "आम्ही ट्रॅक्टर विकला, ट्रॉल्या आम्ही कुठं विकल्या?" ट्रॉलीवाला म्हणाला, "माल एक नंबर आहे, तुमचा ट्रॅक्टर लहान पडला." विमा कंपनीनं आरसी आणि काट्याच्या पावत्या मागवल्या आणि जादा वजनाचं कारण देऊन दावा नाकारला. कारखान्याच्या शेती खात्यानं उरलेला ऊस दुसऱ्या वाहनानं उचलला आणि मला करार पुरा करायची आठवण करून दिली. वाहतुकीचा दर टनावर मिळतो, त्यामुळं खेपेला जास्त भरणाऱ्याची पाठ सगळेच थोपटतात. घाटात मात्र मी एकटाच होतो.

तुम्ही घेणार असाल तर एचपी नंतर विचारा. आधी ट्रॅक्टरच्या कंपनीचं पुस्तक मागा, मागं किती वजन ओढायला परवानगी आहे ते त्यात असतं. तोंडी उत्तर घेऊ नका, लिहून घ्या. ट्रॉलीच्या आरसीवरचं भरलेलं वजन बघा, त्यातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करा. उरेल तेवढाच ऊस तुमचा. माझ्या ट्रॉलीत हिशोबानं सहा टनसुद्धा बसत नव्हता, मी पावणेदहा भरत होतो. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली, त्यानुसार जादा वजनाला 20 हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, तो खर्चही आपलाच.

ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या, ट्रॅक्टरच्या पेडलला जोडलेले. महाग पडतात. माझी ट्रॉली सरळ करायला आणि चासी ओढायला त्याहून महाग पडलं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात वळताना आपण एकच दाबतो. रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पेडलांची कडी लावायचीच. एका बाजूचा ब्रेक जास्त लागला की मागच्या ट्रॉल्या लगेच तिरक्या होतात. माझी कडी त्या रात्री लावलेली होती, नाहीतर अजून वाईट झालं असतं. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच खालचा गिअर टाका आणि उतार संपेपर्यंत क्लचला पाय लावू नका. ट्रॉली जोडायच्या पिनेला लॉक लावा आणि जोडीला साखळी. चढाला पुढची चाकं हलकी वाटली तर पुढं वजनं लावून भागवू नका, ओझं कमी करा. मागं रिफ्लेक्टर लावा, मोठ्यानं गाणी लावू नका, झोप घ्या. हे सगळ्यांना माहीत आहे.

आता मी एकच ट्रॉली जोडतो, ब्रेकवाली. खेपा जास्त होतात, डिझेल जास्त जातं, पैसे कमी सुटतात. काट्यावर शेजारचे दोन ट्रॉल्यांवाले बघतात, बघू देत. दुसरी ट्रॉली दुरुस्त होऊन गोठ्यामागं उभी आहे आणि ती विकायची आहे. घ्यायला येणाऱ्यानं येताना आपल्या ट्रॅक्टरचं आरसी बुक आणि कंपनीचं पुस्तक घेऊन यावं. ते बघितल्याशिवाय मी ट्रॉली देणार नाही.